माकडताप

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून प्राण्यांकडून माणसाकडे येणारा विषाणुजन्य आजार आहे. वैद्यकीय ग्रंथांत तो ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ किंवा संक्षेपाने ‘केएफडी’ या नावाने ओळखला जातो. कर्नाटकात त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. त्याचाही अर्थ माकडाचा आजार असाच आहे. इ.स. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात तो प्रथम ओळखला गेला. सुमारे अर्धशतक हा आजार मुख्यतः कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता मर्यादित मानला जात असे. २०१२ नंतर तो सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेस तमिळनाडू व केरळमध्ये आणि उत्तरेस गोव्यात आढळला. २०१६ च्या आरंभी महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. आजाराचे नाव माकडावरून पडले असले, तरी माकड हा त्याचा वाहक नसून माणसासारखाच बळी आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण प्रतिबंधाचे सगळे उपाय त्यावरच अवलंबून आहेत.

शोधाचा इतिहास

१९५७ च्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्यातून दोन बातम्या एकाच सुमारास पुढे आल्या. गावकरी तीव्र तापाने आजारी पडत होते आणि जंगलात माकडे मरून पडत होती. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा त्यांच्या मनात पहिली शंका पीतज्वराची होती. ही शंका निराधार नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडांचे मृत्यू ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. भारतात हा आजार कधीच शिरलेला नसला, तरी तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास येथे विपुल आहे. पीतज्वर देशात आला असता, तर त्याचे परिणाम भयंकर झाले असते.

पुण्याचे हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये संयुक्तपणे स्थापन केले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी आजारी माणसे व मृत माकडे यांच्यापासून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियाच्या तैगा अरण्यात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदुज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते निघाले.

त्यातून नवाच प्रश्न उभा राहिला. सायबेरियातील विषाणूचा नातलग म्हैसूरच्या जंगलात कसा आला? हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तो आला असावा, अशी कल्पना तेव्हा मांडली गेली. तिची पडताळणी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही, पण भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी त्यातून मोलाची माहिती जमा झाली. पुढे सौराष्ट्र व कच्छ यांसारख्या दूरच्या प्रदेशांतील रहिवाशांच्या रक्तातही या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडे सापडली. त्यामुळे विषाणू भारतात फार पूर्वीपासून असावा आणि १९५७ मध्ये त्याचे आगमन नव्हे, तर केवळ दर्शन घडले असावे, हे मत बळावले. १९९५ मध्ये सौदी अरेबियात सापडलेला अलखुर्मा विषाणू तर त्याचा सख्खा भाऊच शोभेल इतका जवळचा आहे.

विषाणू

माकडतापाचा विषाणू फ्लॅविव्हायरस कुळातील आहे. डेंग्यू, पीतज्वर, जपानी मेंदुज्वर आणि झिका यांचे विषाणू याच कुळात मोडतात. मात्र ते डासांमार्फत पसरतात, तर हा गोचिडीमार्फत. त्याचा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एकेरी धागा असून त्यात सुमारे ११ हजार अक्षरे आहेत. पेशीत शिरल्यावर या धाग्यापासून एकच लांबलचक प्रथिन तयार होते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने बनतात. त्यांतील तीन विषाणूचे अंग घडवतात व सात त्याची नक्कल करण्याचे काम करतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही या विषाणूची बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून त्याची हाताळणी उच्च जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळांतच केली जाते.

गोचीड, माकड आणि माणूस

या विषाणूचे खरे घर जंगलाच्या जमिनीलगत आहे. ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड त्याची मुख्य वाहक होय. तिच्या आयुष्यात तीन वेळा रक्त पिण्याची गरज पडते आणि प्रत्येक वेळी ती वेगळ्या प्राण्यावर चढते. अंड्यातून बाहेर पडलेली सहा पायांची अळी उंदीर, चिचुंद्री, खार यांसारख्या लहान प्राण्यांचे किंवा जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांचे रक्त पिते, जमिनीवर गळून पडते आणि कात टाकून आठ पायांचे अर्धवाढ पिल्लू होते. या अवस्थेला निंफ म्हणतात. निंफ आकाराने खसखशीच्या दाण्याएवढी असते व सहजी दिसत नाही. ती लहान प्राण्यांप्रमाणेच माकड किंवा माणूस यांनाही चावते. पुन्हा कात टाकून प्रौढ झालेली गोचीड गाई-म्हशी, हरणे अशा मोठ्या प्राण्यांचे रक्त पिऊन अंडी घालते. अळीच्या शरीरात आलेला विषाणू कात टाकल्यानंतरही टिकून राहतो. म्हणजेच बाधित उंदराचे रक्त प्यालेली अळी काही आठवड्यांनी निंफ होऊन माणसाला चावते, तेव्हा विषाणूही बरोबर असतो.

या साखळीत प्रत्येक प्राण्याची भूमिका निराळी आहे. लहान सस्तन प्राण्यांच्या शरीरात विषाणू फारसे नुकसान न करता फिरता राहतो. गुरे आजारी पडत नाहीत आणि विषाणूच्या वाढीलाही त्यांचा हातभार लागत नाही. परंतु प्रौढ गोचिडींना पोटभर रक्त देऊन ती त्यांची संख्या मात्र प्रचंड वाढवतात. टोपी माकड आणि काळ्या तोंडाचे वानर यांच्या रक्तात विषाणू इतका वाढतो की त्यांचे रक्त पिणाऱ्या गोचिडी मोठ्या संख्येने बाधित होतात. माकड मेले आणि त्याचे शरीर थंड पडू लागले की अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. मृत माकडाभोवतालची जमीन त्यामुळे काही काळ अत्यंत धोक्याची होते. माणसाला रोग होतो तो बहुधा अशाच जागेतून गेल्यामुळे, माकडाच्या स्पर्शामुळे किंवा चाव्यामुळे नव्हे.

माणूस या साखळीचे शेवटचे टोक आहे. रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला लागण झाल्याची नोंद नाही आणि माणसाकडून विषाणू पुन्हा जंगलात परततो असेही मानले जात नाही. प्राण्यांकडून आलेले सगळेच विषाणू असे वागत नाहीत. कोविड-१९ चा विषाणू माणसांत स्थिरावला आणि मग उलट दिशेने प्राण्यांकडे गेला. २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील सिंहांना त्याची बाधा झाली होती. माकडताप त्या वाटेने जात नाही. म्हणूनच त्याच्या साथी शहरांत पोहोचत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित त्याच्याकडे शहरांचे लक्षही जात नाही.

निंफची संख्या नोव्हेंबरपासून वाढू लागते आणि मे महिन्यापर्यंत टिकते. पावसाळा सुरू झाला की रुग्ण दिसेनासे होतात.

जंगलाची कड

या आजारासंबंधी सर्वांत विचारप्रवर्तक मांडणी कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्गे बोशेल यांनी १९६० च्या दशकात पुणे केंद्रात काम करताना केली. त्यांच्या मते विषाणू अखंड, दाट जंगलात लहान प्राण्यांमध्ये निमूटपणे फिरत होता. लोकसंख्या वाढली, शेतीसाठी जंगल तोडले गेले, मोकळ्या झालेल्या कडेवर घाणेरीची झुडपे माजली आणि त्यांतून गुरे चरू लागली. घाणेरीच्या जाळीत उंदीर-चिचुंद्रांना आसरा मिळाला, गुरांमुळे गोचिडींना अन्न मिळाले, आणि माणसाला तर रोज त्याच वाटेने जंगलात जावे लागत होते. रोगाचा उगम जंगलात असला, तरी साथ जंगलाच्या कडेला घडते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

पुढील घटनांनी तिला दुजोरा दिला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगलाचा मोठा पट्टा तोडण्यात आला. त्यापाठोपाठ तेथे या आजाराची तोवरची सर्वांत मोठी साथ आली. १९८३ च्या हंगामात सुमारे दीड हजार लोकांना लागण झाली व सुमारे दीडशे मृत्युमुखी पडले. अलीकडील अभ्यासांतही आर्द्र सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेले प्रदेश व गुरांची दाटी जेथे आहे, तेथे धोका अधिक असल्याचे आढळले आहे. सिंधुदुर्गाच्या पूर्व भागाचे वर्णन करायचे, तर याहून वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत.

सिंधुदुर्गातील प्रादुर्भाव

सिंधुदुर्गाची ओळख बाहेरच्यांना मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यामुळे असते. माकडतापाचा सिंधुदुर्ग मात्र वेगळा आहे. तो सह्याद्रीच्या पायथ्याशी, दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत आहे. दोडामार्ग तालुक्याच्या सीमा गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना भिडतात. तिळारी नदीच्या खोऱ्यातील जंगल एका बाजूस गोव्याच्या म्हादई अभयारण्याशी जोडलेले आहे. वाघ, हत्ती, गवे या मार्गाने ये-जा करतात. माकडांना आणि गोचिडींना तर सीमेचा प्रश्नच नाही. याच भागात गेल्या काही दशकांत जंगलाच्या जागी रबर व अननसाच्या बागा उभ्या राहिल्या. वृक्षतोडीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने २०१३ मध्ये दोडामार्गात वृक्षतोडीवर बंदी घातली. तिळारी परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले.

२०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी माकडतापाचे रुग्ण आढळले. त्यांत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांचा भरणा होता. बेळगाव भागातून मजुरीसाठी येऊन परत गेलेले काही कामगारही आजारी पडले. पुढच्याच हंगामात, २०१६ च्या आरंभी, सत्तरीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तापाचे रुग्ण वाढले आणि परिसरात मृत माकडे सापडू लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत निदान निश्चित झाले. २०१७ मध्ये आजाराचा मुख्य जोर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसराकडे सरकला. या साथींत जिल्ह्याने मृत्यूही पाहिले. विषाणूच्या जनुकीय अभ्यासात गोवा व महाराष्ट्रातील नमुने एकमेकांच्या निकटचे असल्याचे दिसून आले, आणि हे भूगोल पाहता अपेक्षितच होते.

कोकणातल्या शेतीचे वेळापत्रक या आजाराच्या वेळापत्रकाशी दुर्दैवाने तंतोतंत जुळते. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतो. पिकलेले बोंडू झाडाखाली पडतात, त्याची बी गोळा करण्यासाठी बायका-माणसे दिवसभर वाकून पाचोळ्यात वावरतात. काजूची बाग बहुधा डोंगरउतारावर, रानाला खेटून असते आणि बोंडू खायला माकडेही तेथेच येतात. भात तरव्याची भाजावळ करण्यासाठी पालापाचोळा गोळा करणे, सरपणासाठी सुकी लाकडे आणणे, गुरे रानात सोडणे ही सगळी कामे याच महिन्यांतली. ज्यांना ही कामे टाळता येत नाहीत त्यांनाच रोगाचा धोका सर्वाधिक असतो. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला देणे म्हणून सोपे, पण ज्याचे वर्षाचे रोख उत्पन्न काजूच्या बीवर अवलंबून आहे त्याला तो पाळता येण्यासारखा नाही.

निदानातही येथे एक विशेष अडचण आहे. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिस परिचयाचा आहे. लोक त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात जाणाऱ्या जिवाणूमुळे होणारा तो आजार प्रतिजैविकांनी बरा होतो. माकडताप होत नाही. दोन्हींत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे आणि रक्तस्राव ही लक्षणे आढळतात. ऋतू मात्र सामान्यतः वेगळे असतात : लेप्टो भातलावणीपासून कापणीपर्यंतचा, तर माकडताप त्यानंतरचा. जानेवारीत रानातून परतलेल्या माणसाला असा ताप आला, तर आधी माकडतापाचा विचार करणे योग्य ठरते.

लक्षणे व निदान

गोचीड चावल्यानंतर साधारणतः ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. कपाळात तीव्र वेदना, कंबर व पोटऱ्यांत असह्य दुखणे, विलक्षण थकवा, डोळे लाल होणे, उलट्या व जुलाब ही लक्षणे दिसतात. काहींना नाक, हिरड्या किंवा आतड्यांतून रक्तस्राव होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात. बहुतेक रुग्णांचा ताप एक-दोन आठवड्यांत उतरतो, परंतु अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांना काही दिवस बरे वाटल्यानंतर पुन्हा ताप येतो व त्या टप्प्यात मान ताठरणे, भ्रम, कंप, दृष्टिदोष अशी मज्जासंस्थेची लक्षणे उमटतात. मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३ ते ५ टक्के मानले जाते.

आजाराच्या पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीने रक्तातील विषाणू ओळखता येतो. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडांची एलायझा चाचणी उपयोगी पडते.

विषाणूवर थेट काम करणारे औषध नाही. शरीरातील पाणी राखणे, तापासाठी पॅरासिटामॉल, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर रुग्णालयात दाखल होणे यांवरच उपचार उभा आहे. ॲस्पिरिनसारखी औषधे रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून ती टाळतात.

लस

लसीचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. पहिला प्रयोग रशियन मेंदुज्वराच्या लसीचा झाला. विषाणू नातलग असल्याने ती चालेल अशी आशा होती, पण ती निष्प्रभ ठरली. त्यानंतर कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस भारतातच तयार झाली व १९९० पासून कर्नाटकात ती व्यापक प्रमाणावर देण्यात येऊ लागली. सुरुवातीच्या चाचण्यांत दोन मात्रांनी ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो आकडा सुमारे ६२ टक्क्यांवर आला आणि वर्धक मात्रेनंतर ८३ टक्क्यांपर्यंत गेला. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, काही महिन्यांनी तिसरी आणि त्यानंतर दरवर्षी एक असे हे वेळापत्रक होते. सुई दुखरी होती, आणि शेतमजुराला दर खेपेस कामाचा खाडा परवडत नव्हता. अखेर परिणामकारकता घटल्यामुळे २०२२ मध्ये या लसीचे उत्पादन थांबवण्यात आले. नव्या लसीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीसह करीत आहे.

प्रतिबंध

लस हाताशी नसताना भर दोनच गोष्टींवर राहतो : गोचीड अंगाला चिकटू न देणे आणि मृत माकडाची खबर लगेच पोहोचवणे. रानात जाताना अंगभर कपडे घालणे, पायजम्याची टोके मोज्यांत खोचणे आणि उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावणे हे उपाय सुचवले जातात. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘डीईपीए’ या रसायनाचे तेल त्यासाठी आरोग्य खात्यामार्फत वाटले जाते. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत व साबणाने अंघोळ करून बगल, गुडघ्याची मागची बाजू, कानामागचा भाग नीट तपासावा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. बोटांनी चिरडू नये.

मृत माकड हा या आजाराचा सर्वांत विश्वासार्ह इशारा आहे, कारण माकडे बहुधा माणसांच्या आधी मरतात. असे माकड दिसल्यास हात न लावता वनखाते, पशुसंवर्धन विभाग किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे अपेक्षित असते. शवाची विल्हेवाट लावण्याचे काम संरक्षक पोशाख घातलेले कर्मचारी करतात. त्यानंतर मृत्यूच्या जागेभोवती सुमारे ५० मीटर परिघात मॅलेथिऑनची भुकटी धुरळली जाते आणि तो भाग काही काळ वर्ज्य ठेवला जातो. कोकणात मेलेल्या वानराला गावकऱ्यांनी हार घालून, खांद्यावरून नेऊन मूठमाती देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. मारुतीवरच्या श्रद्धेतून आलेली ही रीत साथीच्या काळात घातक ठरू शकते. हार दुरूनही वाहता येतो, हे गावातल्या कुणा मानकऱ्याने सांगितले तर ते सरकारी पत्रकापेक्षा लवकर पटते.

उलट टोकाची प्रतिक्रियाही दिसते. नारळ, केळी, आंबा यांची नासधूस करणाऱ्या माकडांविषयी बागायतदारांत आधीच रोष आहे, आणि आजाराच्या नावामुळे त्याला नवे निमित्त मिळते. माकडांना मारून किंवा हाकलून माकडताप आटोक्यात येत नाही. विषाणू उंदीर-चिचुंद्री आणि गोचिडी यांच्यात फिरत राहतो, हुसकावलेल्या टोळ्या बाधित गोचिडी अंगावर घेऊन नव्या जागी जातात, आणि माकडेच उरली नाहीत, तर साथीची आगाऊ खबर देणारेही कोणी उरत नाही. मग पहिला इशारा काजूच्या बागेतल्या माणसाच्या तापानेच मिळतो.